कडू तेल : तेलबियांचे उद्योगाचे पीक म्हणून संवर्धन

खनिज तेलाचे साठे मर्यादित आहेत आणि त्याच्या ज्वलनाने वातावरणाचे संतुलन ढळते, ही जाणीव जसजशी दृढ होत गेली, तसतसा वनस्पतिज द्रव्यांकडे उद्योगाचा कच्चा माल म्हणून पाहण्याचा दृष्टिकोन पुन्हा बळावला. ‘पुन्हा’ हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजला आहे. साबण, रंगलेप, वंगण, दिव्याचे इंधन, कातड्याचे व कापडाचे संस्करण या सर्वांचा आधार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुख्यतः तेलबिया आणि प्राणिज चरबी हाच होता. वर्षानुवर्षे शेतात नव्याने पिकणारा हा माल खनिज तेलाने मागे सारला तो गेल्या दीडशे वर्षांत. तेव्हा तेलबियांना उद्योगाशी जोडणे म्हणजे खंडित परंपरेचा धागा आधुनिक रसायनशास्त्राच्या साहाय्याने पुन्हा हाती घेणे होय. तथापि हा धागा हाती घेताना एक भेद वारंवार दृष्टिआड होतो. तेल देणारे बी उपलब्ध असणे ही एक गोष्ट, आणि त्या बीचे पीक होणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर न ओळखल्यामुळे शासनाच्या योजना फसल्या आणि शेतकऱ्याचे श्रम वाया गेले. प्रस्तुत लेखात मुंबई, कोकण व उर्वरित महाराष्ट्र यांचा अनुभव मुख्यतः पुढे ठेवून या भेदाचा विचार केला आहे.

१. मुंबईतील तेलाचा पट्टा

माहीम हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. नारळीच्या दाट वाड्यांसाठी ते प्रसिद्ध होते, आणि या वाड्यांच्या आश्रयाने माडी काढणारा भंडारी समाज तेथे नांदत होता. माडापासून माडी, नारळापासून खोबरे, खोबऱ्यापासून तेल व पेंड, सोडणापासून काथ्या, झावळ्यांपासून झाप, करवंटीपासून जळण व भांडी : एका झाडाचे एकही अंग टाकाऊ नाही. नारळ हे पीक म्हणून टिकले याचे कारण केवळ त्याच्या तेलात नाही. तेलाला भाव नसेल त्या वर्षी बाकीची अंगे बागाईतदाराला तारून नेतात. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

माहीमच्या वाड्या शहराने गिळल्या. पण त्याच शहराच्या मध्यभागी वनस्पतिज तेलावर चालणारे उद्योग उभे राहिले. लालबाग येथे १८९७ मध्ये कुलपांचा व्यवसाय आरंभणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास प्राण्यांची चरबी पूर्णपणे वर्ज्य करून वनस्पतिज तेलाचा साबण तयार केला. शिवडी येथे १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याला लागूनच १९३४ मध्ये लीव्हर ब्रदर्सचा साबणाचा कारखाना सुरू झाला. रंगलेपांच्या क्षेत्रात १९२० मध्ये गॅहगन पेंट्स अँड व्हार्निश कंपनी लोअर परळ येथे स्थापन झाली. चार मित्रांनी १९४२ मध्ये मुंबईत एका गॅरेजमध्ये सुरू केलेल्या उद्योगाचे आरंभीचे नाव ‘एशियन ऑइल अँड पेंट कंपनी’ असे होते. रंगाच्या कंपनीच्या नावात तेलाला पहिले स्थान असावे, यात त्या काळी कोणालाही नवल वाटले नसते. कारण रंगलेप म्हणजे जवसाच्या तेलात खलून मिसळलेली रंगद्रव्ये, असाच तेव्हाचा व्यवहार होता. गिरणगावातील रंगखात्यांना ‘टर्की रेड ऑइल’ लागे. गंधकाम्लाची प्रक्रिया केलेले एरंडेल ते हेच. या सर्व उद्योगांना लागणाऱ्या शास्त्रीय शिक्षणाची सोय मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रसायन-तंत्रविद्येचा विभाग काढून केली. माहीमच्या शेजारी माटुंग्यास असलेली ही संस्था आज रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने स्वतंत्र अभिमत विद्यापीठ असून तेथे तेले व तज्जन्य रसायने यांचा स्वतंत्र विभाग आहे.

या पट्ट्याचा इतिहास एक गोष्ट स्पष्ट करतो. साबणवाल्याला खोबरेल हवे होते, रंगवाल्याला जवसाचे तेल, रंगखात्याला एरंडेल. एकाचे काम दुसऱ्याने भागत नव्हते. कारखानदार ‘तेल’ विकत घेत नाही. तो तेलातील विशिष्ट गुण विकत घेतो.

२. शब्दांची साक्ष

हा गुणभेद मराठी भाषेने फार पूर्वीच टिपून ठेवला आहे. ‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’ या शब्दापासून आला, आणि ‘तैल’ म्हणजे मुळात तिळाचे. इंग्रजीतील ‘ऑइल’ हा शब्दही याच रीतीने ऑलिव्हच्या फळाशी जाऊन भिडतो. एका बीचे नाव पुढे सर्व स्निग्ध द्रवांना मिळाले, इतकेच नव्हे तर भूगर्भातील द्रवालाही मिळाले. ‘पेट्रोलियम’ म्हणजे ‘खडकाचे तेल’, आणि मराठीतील ‘रॉकेल’ हा त्याच कल्पनेच्या इंग्रजी शब्दाचा मराठी अवतार. खनिजाने वनस्पतीची जागा घेतली ती तिचेच नाव धारण करून.

याहून बोलकी साक्ष ‘-एल’ या अंत्यावयवाची आहे. खोबरेल, एरंडेल, करंजेल, उंडेल, भिरंडेल हे शब्द पाहावेत. सामासिक शब्दात उत्तरपद म्हणून आलेल्या ‘तेल्ल’ या प्राकृत रूपातील स्वरमध्यस्थ ‘त’ लोपून ‘-एल’ उरला आणि पुढे सादृश्याने तो इतर नावांनाही लागला. ज्या तेलांना ही नावे मिळाली त्यांची कामे पाहिली असता असे दिसते की त्यांतील बहुतेक स्वयंपाकघराबाहेरची आहेत : खोबरेल केसांना, एरंडेल औषधाला व वंगणाला, करंजेल आणि उंडेल दिव्याला व त्वचारोगांवर, आणि कोकमाच्या बियांचे भिरंडेल थंडीत फुटलेल्या टाचांना. उलटपक्षी शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलांना स्वतंत्र नाव नाही. ती ‘शेंगदाण्याचे तेल’, ‘सूर्यफुलाचे तेल’ अशी षष्ठीनेच ओळखली जातात. ती उशिरा आली आणि सरळ कढईत गेली.

‘गोडे तेल’ आणि ‘कडू तेल’ ही जोडीही अशीच अर्थपूर्ण आहे. गोडे तेल खाण्याचे. कडू तेल करंज, उंडी अशांचे, म्हणजे न खाण्याचे. हिंदी भाषिक प्रदेशात ‘कड़वा तेल’ म्हणजे मोहरीचे, अर्थात् रोजच्या खाण्यातले तेल. शब्द जवळजवळ तेच. पण मराठीने त्यांच्या आधारे खाद्य व अखाद्य अशी रेघ ओढली. फारसीत ‘रोगन’ म्हणजे तेल वा स्निग्ध पदार्थ. मराठीत ‘रोगण’ म्हणजे लाकडावर चढविण्याचा चकचकीत लेप. कच्छमधील निरोणा गावच्या प्रसिद्ध रोगन-कलेत एरंडेल दीर्घकाळ उकळून घट्ट करतात आणि त्यात रंग मिसळून कापडावर नक्षी काढतात. तेलापासून लेप होतो, हे उद्योगाचे सूत्र या एका शब्दाच्या अर्थांतरात सामावले आहे.

व्यवसायनामेही मागे राहत नाहीत. कोकणातील बेने इस्राएल समाज घाण्यावर तेल गाळीत असे आणि शनिवारी काम बंद ठेवीत असे; म्हणून शेजाऱ्यांनी त्यास ‘शनिवार तेली’ म्हटले. तेल गाळणे हा गावगाड्यातील किती नियमित उद्योग होता, याची कल्पना या नावावरून येते. घाणा एक दिवस थांबला तरी लोकांच्या ते ध्यानी येत असे.

३. रेणूची रचना आणि उद्योगाची गरज

भाषेने अनुभवाने ओळखलेल्या भेदाचे कारण रसायनशास्त्र सांगते. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेल्या तीन वसाम्लांच्या साखळ्या. कणा सर्व तेलांत एकच असतो, साखळ्या निराळ्या. साखळीची लांबी, तीतील द्विबंधांची संख्या आणि तिच्यावर बसलेले अन्य गट यांवर तेलाचा स्वभाव ठरतो.

खोबरेलात सुमारे निम्मा भाग लॉरिक अम्लाचा असतो. याची साखळी बारा कार्बन अणूंची, म्हणजे आखूड. म्हणून खोबरेलाचा साबण लवकर विरघळतो व भरपूर फेस देतो. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक अम्ल असते. त्यातील तीन द्विबंध हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून साखळ्या एकमेकींत गुंफतात आणि तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. रंग ‘वाळतो’ असे आपण म्हणतो तेव्हा पाणी उडून जाण्यासारखे काही घडत नसते. द्रवाचे जाळे विणले जात असते. मोहरीच्या पारंपरिक वाणांतील एरुसिक अम्लाची साखळी बावीस कार्बनांची असते. तिच्यापासून मिळणाऱ्या द्रव्याने प्लॅस्टिकचे पातळ कागद एकमेकांना चिकटत नाहीत. एरंडेलात तर ८५ ते ९० टक्के एकच वसाम्ल असते, ते म्हणजे रिसिनोलीइक अम्ल. त्याच्या साखळीवर बाराव्या कार्बनापाशी हायड्रॉक्सिल गट असतो. व्यापारी प्रमाणावर पिकणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही तेलबीत हे वैशिष्ट्य नाही.

खनिज तेलातील हायड्रोकार्बनांत असे क्रियाशील गट जवळजवळ नसतात. ते बसविण्यासाठी कारखान्यात उष्णता, दाब आणि उत्प्रेरके खर्ची घालावी लागतात. वनस्पती तेच काम सूर्यप्रकाशावर करून देते. तेलबीचे खरे औद्योगिक मोल या तयार रचनेत आहे. म्हणूनच असे तेल केवळ जाळणे हा त्याचा सर्वांत हलका उपयोग ठरतो. १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात डीझेलचे एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते, हे खरे. परंतु इंधनाला विशिष्ट रेणूची गरज नसते. त्याला स्वस्त उष्णांक हवे असतात, आणि स्वस्ताईच्या शर्यतीत शेतमालाला सहसा यश येत नाही.

४. एरंड : बीपासून पिकापर्यंत

बीचे पीक कसे होते याचे भारतातील सर्वोत्तम उदाहरण एरंडाचे आहे. परसात, बांधावर, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवणारे हे झाड. त्याच्या बीत ४५ ते ५० टक्के तेल असले तरी रानटी झाड उंच वाढते, घोस वेगवेगळ्या वेळी पिकतात आणि बोंडे तडकून बी उडून जाते. टेक्सासहून आलेल्या, प्रायः मादी फुलेच धरणाऱ्या वाणाच्या आधारे गुजरातमध्ये संकर झाले आणि १९६८ मध्ये ‘जीसीएच-३’ हा पहिला संकरित एरंड प्रसारित झाला. बुटके झाड, अधिक मादी फुले, आटोपशीर कापणी आणि खात्रीचे उत्पन्न यांमुळे उत्तर गुजरातच्या कोरड्या जमिनीत एरंड हे नगदी पीक झाले. आज जगातील एरंडीचा सर्वांत मोठा हिस्सा भारतात, आणि भारतातील बहुतेक उत्पादन गुजरातेत होते.

यामागे तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, तेलातील रेणू असा की त्याला पर्याय नाही. एरंडेलापासून लिथियम वंगणासाठी लागणारे १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक अम्ल, प्लॅस्टिके व वंगणे यांसाठी सिबॅसिक अम्ल, आणि फ्रान्समध्ये विकसित झालेल्या नायलॉन-११ या तंतुद्रव्याचा मूळ घटक मिळतो. दुसरी, वनस्पतीचे शेतीयोग्य रूपांतर झाले. तिसरी, पेंडेला गिऱ्हाईक होते : रिसिन या विषामुळे ती गुरांना चालत नाही, पण खत म्हणून खपते. या तिन्ही कसोट्यांना जो उतरेल तोच पीक होईल.

एरंडाच्या यशातही एक उणीव आहे. भारतातून एरंडेल फार मोठ्या प्रमाणावर निर्यात होते. सिबॅसिक अम्लाच्या उत्पादनात चीन अग्रेसर असून त्याचा कच्चा माल मुख्यतः भारतीय एरंडेल हाच आहे. बी आपले, रेणू आपला, आणि त्यावरील संस्कारांचे मोल मात्र बव्हंशी इतरांच्या पदरी.

५. मोगली एरंड : योजनेचा धडा

याच्या उलट कथा मोगली एरंडाची, म्हणजेच रतनजोतीची. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये जैविक डीझेलसाठी या वनस्पतीची शिफारस केली. २०११-१२ पर्यंत डीझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट पुढे ठेवण्यात आले. पडीक जमिनीत, पाण्यावाचून, गुरांनी न खाल्लेले हे झाड वाढते, म्हणून खेड्यांतून त्याच्या लागवडी झाल्या. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २० टक्क्यांची मुदत २०१७ पर्यंत पुढे नेली. २०१८ च्या धोरणात जैविक डीझेलचे उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के असे आखडते घेण्यात आले.

वरील तीन कसोट्या लावल्या असता अपयशाचे कारण दिसते. रतनजोतीच्या तेलात ओलेइक व लिनोलीइक ही सामान्य अम्लेच प्रमुख आहेत. उद्योगाला तिच्यावाचून अडत नाही. वनस्पती रानटीच राहिली. निवडक वाण हाती नसता हजारो एकरांवर रोपे लावली गेली. पाण्यावाचून झाड जगते हे खरे, परंतु जगणे आणि फळणे यांत अंतर आहे. पडीक जमिनीत बीचे उत्पन्न अल्पच आले. पेंडेत फॉर्बोल एस्टर ही विषारी द्रव्ये असल्याने ती गुरांच्या उपयोगाची नाही. येथेही लोकभाषा सावध होती. ‘मोगली’ या विशेषणाने झाडाचे परकेपण सांगितले, आणि व्यवहाराने त्याला कुंपणाची जागा दिली. कुंपणाच्या झाडाला शेतात आणण्यापूर्वी जे संशोधन व्हावयास हवे होते, ते लागवडीच्या मागून सुरू झाले.

अशा संशोधनाला किती अवधी लागतो, हे अमेरिकेतील उदाहरणांवरून कळते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तेथील कृषिखात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेने रानटी वनस्पतींच्या बिया गोळा करून त्यांतील असामान्य वसाम्लांचा शोध घेतला. त्यांतून क्रॅम्बे, मेडोफोम, लेस्क्वेरेला अशा वनस्पती पुढे आल्या. त्यानंतर कित्येक दशके पैदासकार बी गळणे, फळे एकाच वेळी न पिकणे, बी उगवण्यास विलंब लागणे या दोषांशी झगडत राहिले. आणि इतक्या प्रयत्नांनंतरही यांपैकी फार थोड्यांना बाजारात लहानशी जागा मिळाली.

६. एकच पीक, दोन दिशा

भारत आपल्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयात करतो. तेव्हा उद्योगासाठी गोड्या तेलाखालील जमीन मागणे युक्त नव्हे. शिवाय ज्या पिकांचे तेल खाण्यास व उद्योगास दोन्हींकडे चालते, त्यांत पैदासकाराला परस्परविरोधी मागण्या पुऱ्या कराव्या लागतात. कॅनडात बाल्डर स्टेफन्सन व कीथ डाउनी यांनी रेप या मोहरीवर्गीय पिकातील एरुसिक अम्ल जवळजवळ नाहीसे करून खाद्य कॅनोला घडविला. पण प्लॅस्टिकच्या उद्योगाला तेच अम्ल हवे असल्याने अधिक एरुसिक अम्लाचे वाण वेगळे राखावे लागले. दोहोंचे पराग वा बी एकत्र मिसळले तर दोन्ही तेले बिघडतात. जवसाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियात उलट दिशेने प्रयत्न होऊन लिनोलेनिक अम्ल अत्यल्प असलेला खाद्य जवस तयार झाला. विदर्भात जवस दोन्ही नात्यांनी परिचित आहे : चटणी म्हणून आणि तेल म्हणून. त्याच्या देठांपासून धागाही मिळतो, आणि हे तिसरे अंग अद्याप पुरतेपणी हिशेबात धरले गेलेले नाही. करडईच्या बाबतीत फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेने बिनकाटेरी वाण व संकर विकसित केले. काट्यांमुळे कापणीला मजूर मिळेनासे झाल्याने पीक मागे पडत होते. हा अडसर तेलाच्या गुणाशी संबंधित नसून कापणाऱ्या हातांशी होता. पीक टिकते की नाही हे पुष्कळदा अशाच गोष्टी ठरवितात.

७. कोकणातील कडू तेल

मग उद्योगाने पाहावे कोठे? मराठीने ज्याला कडू तेल म्हटले त्याकडे. अर्थात् रतनजोतीची चूक टाळून.

या विचाराची परंपराही महाराष्ट्रातीलच आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत सुधारलेला घाणा तयार केला आणि रॉकेलऐवजी वनस्पतिज तेलावर जळणारा ‘मगन दीप’ प्रचारात आणला. पुढे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या व मुंबईत विलेपारले येथे मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने ‘अखाद्य तेल व साबण’ हा स्वतंत्र उद्योग मानून रानातील बिया वेचण्यास उत्तेजन दिले. या कार्याने वेचणाऱ्याला मजुरी मिळाली आणि गोडे तेल साबणापासून काही अंशी वाचले. परंतु वेचणे म्हणजे पिकविणे नव्हे. पावसात भिजलेले, जुने, अनेक झाडांचे मिसळलेले बी कारखान्यात पोहोचते तेव्हा त्यातील मुक्त अम्लांचे प्रमाण वाढलेले असते, आणि एका पोत्याचा गुण दुसऱ्यास मिळत नाही.

करंज हा शिंबावंत वृक्ष मुळांवरील गाठींच्या द्वारे जमिनीत नायट्रोजन साठवितो. त्याच्या बीत सुमारे ३० टक्के तेल असते व पेंड उत्तम खत होते. उंडी कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात वाढते. तिचे लाकूड होड्यांना चालते आणि तिच्या गरात साठ टक्क्यांच्या आसपास तेल असते. पेंड, लाकूड, जमिनीचा कस अशी पूरक अंगे या वृक्षांना आहेत. म्हणजे तिसरी कसोटी ते बऱ्याच अंशी पार करतात. उणीव दुसऱ्या कसोटीची आहे : बीपासून वाढविलेले प्रत्येक झाड निराळे, आणि फळ धरण्यास बरीच वर्षे.

या उणिवेवर उपाय कोकणानेच एकदा शोधून काढला आहे. काजू हेही एके काळी डोंगरउतारावरील दुर्लक्षित झाड होते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने उत्तम झाडे हेरून वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या, कोवळ्या फांदीवरील कलमांनी त्यांचा प्रसार झाला, आणि डोंगर बागाईत झाले. काजूगर तर विकला गेलाच. शिवाय टरफलातील दाहक द्रवापासून रंगलेप, राळा व वाहनांच्या ब्रेकचे अस्तर यांना लागणारी द्रव्ये मिळू लागली. उंडी व करंज यांच्याबाबत हाच क्रम पाळावयास हवा : प्रथम उत्तम झाडांची निवड, मग कलमे, मग तेलातील विशिष्ट घटकांचा उपयोग निश्चित करणे, आणि सर्वांत शेवटी विस्तृत लागवड. दापोलीचे कृषि विद्यापीठ व माटुंग्याची रसायनसंस्था यांनी हे काम परस्परांच्या हातात हात घालून केले तर बी आणि रेणू यांची गाठ एकाच राज्यात पडू शकेल.

सारांश

तेलबियांना पुनरुत्पादनक्षम औद्योगिक कच्चा माल बनविण्याचा प्रश्न किती तेल मिळते एवढ्याने सुटत नाही. त्या तेलात दुसरीकडे न मिळणारा कोणता गुण आहे, ती वनस्पती शेतकऱ्याच्या शिस्तीत आली आहे काय, आणि तेल काढल्यावर उरते त्याला गिऱ्हाईक आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे लागवडीपूर्वी मिळाली पाहिजेत. एरंडाने ती दिली. मोगली एरंडाला ती विचारलीच गेली नाहीत. उंडी आणि करंज यांच्याबाबत विचारण्यास अद्याप अवधी आहे. उत्तर चुकले तर त्याची किंमत प्रयोगशाळेला फारशी पडत नाही. ज्याने पाच-सात वर्षे जमीन अडकवून ठेवलेली असते, त्या शेतकऱ्याला ती मोजावी लागते.